टॅबच्या पुस्तकातून प्रोग रॉकचा बेस बसवताना: आकडे बरोबर, तरी रेकॉर्डसारखं वाजत नाही

खर्ज_साधक

नमस्कार मंडळी. चार तारांचा बेस गिटार वाजवतो. ३४ इंच स्केल, नेहमीचं ई-ए-डी-जी ट्यूनिंग, पिक न वापरता बोटांनी. साधी रॉक गाणी बसतात. आता प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉक हाती घेतलंय: येस या बँडचं 'राउंडअबाउट', पिंक फ्लॉइडचं 'मनी' आणि रशचं 'वायवायझेड'. तिन्हींची छापील पुस्तकं आहेत, वर पाच रेघांचं नोटेशन आणि त्याखाली चार रेघांचा टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कितव्या फ्रेटला (दांड्यावरच्या पट्टीला) बोट ठेवायचं त्याचे आकडे. टॅब वाचता येतो, नोटेशन जेमतेम.

टॅबमधले आकडे बरोबर वाजवूनही रेकॉर्डवर जे ऐकू येतं ते निघत नाही. सात मात्रांच्या जागी दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात सम सुटते. काही आकडे कंसात आहेत, ते वाजवायचे की नाही कळत नाही. काही ठिकाणी पुस्तकाने हात पार दहाव्या-बाराव्या फ्रेटपाशी नेलाय, तोच स्वर खाली सहज मिळत असताना. आणि 'राउंडअबाउट' वेगात नेलं की दोन मिनिटांत उजवा हात भरून येतो.

सुरुवात कुठून करू? आणि नोटेशन शिकणं टाळता येईल का?

---

चौथीतार

शेवटचा प्रश्न आधी घेतो. पूर्ण नोटेशन नाही शिकलात तरी चालेल, पण त्यातली लय वाचता यायलाच हवी. टॅब फक्त तार आणि फ्रेट सांगतो. स्वर किती वेळ धरायचा, कुठे तोडायचा, मात्रेवर आहे की मात्रेच्या आधी, हे सगळं वरच्या पाच रेघांत असतं. प्रोग रॉकमध्ये निम्मा जीव तिथेच आहे. स्वरांची नावं टॅबमधून मिळतातच, तेव्हा तुम्हाला वरून फक्त क्वार्टर (एक मात्रा), एट्थ (अर्धी), सिक्स्टीन्थ (पाव), त्यांच्या रेस्ट (तेवढ्या वेळ शांत राहायच्या खुणा), स्वर दीडपट करणारं स्वरापुढचं टिंब आणि एक स्वर पुढे लांबवणारी टायची कमान एवढंच ओळखायचंय. रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन आठवड्यांत होतं.

बेस बाजूला ठेवा, पेन्सिल घ्या. ज्या बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या तुकड्यात) गोंधळ होतो त्यात टॅबच्या वर प्रत्येक मात्रेचे चार भाग पाडून 'त-क-दि-मि' लिहा. जिथे स्वर सुरू होतो त्या अक्षराला गोल करा, जिथे स्वर नुसता चालू आहे तिथे आडवी रेघ ओढा, रेस्ट असेल तिथे फुली मारा. टिंब दिलेला एट्थ आणि मागे सिक्स्टीन्थ असेल तर गोल 'त' आणि 'मि' वर पडतात, मधल्या 'क-दि' वर रेघ. मग पायाने मात्रा धरून तोंडाने बोला. तोंडातून चार वेळा न अडखळता निघालं की मगच बेस हातात घ्या. तोंडाला जी लय जमत नाही ती बोटांना जमत नाही.

कंसातल्या आकड्यांचे दोन अर्थ असतात. वर टायची कमान असेल तर तो आधीच्या बारमधून लांबलेला स्वर आहे. पुन्हा छेडायचा नाही, नुसता धरून ठेवायचा. ओळ बदलताना वाचणारा चुकू नये म्हणून आकडा पुन्हा छापतात. कमान नसेल आणि वरच्या स्वराचं डोकंही कंसात असेल तर तो घोस्ट नोट, म्हणजे अगदी हलका, ऐकू येईल न येईल असा स्वर. तिसरी खूण टॅबमध्ये छापलेल्या फुलीची, तुमच्या पेन्सिलीच्या नव्हे. ती म्हणजे शांतता नव्हे. डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकवून उजव्या हाताने छेडायचं, 'टक्' असा बिनसुराचा आवाज यायला हवा. फुल्या गाळल्या तर ओळ बसलेली वाटते पण चालत नाही.

तिरक्या रेघांकडेही नीट बघा. दोन आकड्यांमध्ये तिरकी रेघ आणि वर कमान असेल तर दुसरा स्वर न छेडता घसरत जायचं. कमान नसेल तर घसरत जाऊन दुसरा स्वर पुन्हा छेडायचा. ऐकायला फार फरक पडतो. पुस्तकाच्या सुरुवातीला किंवा शेवटी खुणांचं एक पान असतं, ते एकदा पूर्ण वाचा. प्रकाशकागणिक खुणा थोड्या बदलतात.

आणखी एक. लांब गाण्यांत कागद वाचवायला पुस्तकं 'बेस फिगर १, चार वेळा' असं लिहून मोकळी होतात. रेकॉर्डवर मात्र वाजवणाऱ्याने चारही वेळा शेवटच्या बारमध्ये काहीतरी वेगळं केलेलं असतं. अशा प्रत्येक जागी रेकॉर्ड लावून प्रत्येक फेरी स्वतंत्र ऐका आणि फरक समासात लिहा. 'राउंडअबाउट'च्या बाबतीत तुम्ही कुठली आवृत्ती ऐकताय तेही तपासा. १९७१ च्या अल्बमवरचं गाणं साडेआठ मिनिटांचं आहे आणि सिंगल म्हणून निघालेलं कापून साडेतीन मिनिटांच्या आत आणलेलं. पुस्तकात अल्बमची आवृत्ती आणि कानात सिंगल, असं असेल तर बार कधीच जुळणार नाहीत.

---

ठेका

सातच्या हिशोबाबद्दल लिहितो, कारण तिथे आपल्याकडचं थोडं भांडवल कामाला येतं.

'मनी'ची मुख्य ओळ सात क्वार्टरची आहे आणि त्यात स्वर आठ. तारा आणि फ्रेट असे: ए तारेवर २, जी वर ४, डी वर ४, ए वर २, ई वर २, ई वर ५, ए वर २, ए वर ५. फक्त दुसऱ्या मात्रेत दोन स्वर आहेत (जी वरचा आणि डी वरचा), बाकी सगळ्या मात्रांवर एकेक. त्या दोन स्वरांचे समान तुकडे करू नका. मात्रेचे तीन भाग पाडा, पहिल्या स्वराला दोन द्या, दुसऱ्याला एक. समान वाजवलंत की ओळ लगेच ताठ होते. तुमच्या 'आकडे बरोबर तरी तसं वाजत नाही' या तक्रारीचं एक कारण हमखास इथे असणार.

आता सम सुटण्याचं. ओळ ऐकायला तीन अधिक चार अशी पडते, म्हणून रूपकचा ३-२-२ हिशोब तिच्यावर अगदी नीट बसतो. तीं तीं ना, धी ना, धी ना म्हणत ओळ वाजवून बघा. फक्त वजन उसनं घेऊ नका. रूपकात समेवर खाली असते, इथे पहिला बी (ए तारेवरचा २) हा सगळ्यात भक्कम स्वर आहे. हात रूपकाचा ठेवलात आणि कान रॉकचा ठेवलात तर पहिली मात्रा अशक्त पडते आणि ड्रमरबरोबर खटके उडतात.

सम सुटते ती सातव्या मात्रेनंतर. चारचारची सवय असलेलं अंग तिथे आठवी मात्रा शोधतं आणि शेवटचा डी स्वर (ए तारेवरचा ५) लांबवतं. उपाय म्हणजे ओळ पहिल्या मात्रेपासून घोकायचीच नाही. चौथ्या मात्रेपासून सुरू करा आणि पुढच्या आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर थांबा: चार-पाच-सहा-सात-एक-दोन-तीन. जोड मध्यभागी आली की तो सांधाच राहत नाही. असं वीसेक वेळा झालं की मग नेहमीसारखं एकपासून वाजवा. गिटारचा सोलो सुरू होतो तिथे गाणं चार मात्रांत जातं आणि नंतर परत सातात येतं. त्या दोन्ही वळणांचे आधीचे दोन आणि नंतरचे दोन बार वेगळे काढून घोका. सॅक्सोफोनचा सोलो सातातच आहे, तिथे बदल करायचा नाही.

एट्थवर मोजलेलं सात, म्हणजे ७/८, हे वेगळं प्रकरण. तिथे मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) क्वार्टरवर ठेवला तर पहिल्या बारमध्ये ठोका १, ३, ५, ७ वर पडतो आणि दुसऱ्यात २, ४, ६ वर. दोन बार मिळून सात ठोके. सुरुवातीला हे अंगावर येतं, म्हणून आधी एट्थवर ठोका ठेवा, मग क्वार्टरवर. क्वार्टरच्या ठोक्यावर दोन बारांची जोडी सलग आठ वेळा जमली तर ते सात पक्कं बसलं असं समजा.

'वायवायझेड'ची सुरुवात पुस्तकात १०/८ किंवा ५/४ अशी छापलेली असेल. दहा दिसलं की झपताल आठवतो, पण तो इथे लावू नका. २-३-२-३ ही फोड या ओळीत नाहीच. ही लय टोरांटो विमानतळाच्या वायवायझेड या सांकेतिक अक्षरांचा मोर्स कोड आहे. डॅश म्हणजे दोन सिक्स्टीन्थ, डॉट म्हणजे एक. वाय म्हणजे डॅश-डॉट-डॅश-डॅश, २+१+२+२, सात झाले. दुसरा वाय, पुन्हा सात. झेड म्हणजे डॅश-डॅश-डॉट-डॉट, २+२+१+१, सहा. एकूण वीस सिक्स्टीन्थ.

एट्थवर ठोका लावलात तर दहा ठोके येतील. पहिला वाय पहिल्या ठोक्यावर सुरू होतो, दुसरा वाय चौथ्या आणि पाचव्या ठोक्याच्या बरोबर मधोमध, आणि झेड आठव्या ठोक्यावर. तोल जातो तो दुसऱ्या वायमध्ये, कारण त्याची सुरुवात ठोक्यावर नाही. आधी एकाच स्वरावर, मोकळ्या ई तारेवर, ७-७-६ वाजवा. हात तयार झाला की मग पुस्तकातले स्वर घाला.

---

मंद्रसप्तक

हाताच्या जागेबद्दल. बेसवर एकच स्वर तीन-चार जागी सापडतो. मोकळ्या जी तारेचाच स्वर डीवर ५, एवर १० आणि ईवर १५ ला आहे. स्वर तोच, आवाज वेगळा. जाड तारेवर वर गेलात की आवाज गोल आणि घट्ट होतो, पातळ किंवा मोकळ्या तारेवर तो उघडा आणि लांब वाजणारा. पुस्तक लिहिणाऱ्याने स्वर कानाने पकडलेले असतात, जागा बऱ्याचदा अंदाजाने ठरवलेली असते. मूळ वादकाने कुठे बोट ठेवलं ते प्रत्येक वेळी कळेलच असं नाही. म्हणून टॅबमधली जागा हा एक प्रस्ताव समजा.

रेकॉर्ड नीट ऐकली तर जागेचे पुरावे मिळतात. स्वराला कंप आहे, म्हणजे ती मोकळी तार नाही. स्वर घसरत सुरू होतो, तरीही मोकळी नाही. दोन स्वर एकाच वेळी वाजताहेत, म्हणजे ते दोन वेगळ्या तारांवरच असणार, आणि टॅबने दोन्ही एकाच तारेवर टाकले असतील तर ती सरळ चूक आहे. आधीचा स्वर पुढच्यावर थोडा सांडतोय, तरीही तार बदललेली आहे. दोन स्वरांमध्ये तारेवर बोट सरकल्याची बारीक खरखर आहे, म्हणजे हात तिथेच हलला.

आणखी एक सोपी कसोटी: त्या ओळीतला सगळ्यात खालचा स्वर कुठे आहे ते बघा. वर ठेका यांनी दिलेली 'मनी'ची ओळ घ्या. त्यात खालचा एफ शार्प आहे आणि तो बेसवर एकाच जागी मिळतो, ईवर २. म्हणजे हात दुसऱ्या फ्रेटवर बसणार हे ठरलं. तिथून २ ते ५ हे चार फ्रेट, चार बोटं, बाकीचे सगळे स्वर हात न हलवता मिळतात. शेवटचा डी मोकळ्या तारेवरही आहे, पण तो घेतलात तर पुढच्या बीवर घोंगावत राहतो आणि वेगळा दाबावा लागतो. एवर ५ घेतला की बोट उचलताच थांबतो. चार फ्रेटचा ताण पहिल्या पाच फ्रेटमध्ये जड जात असेल तर पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरा, तिसरं चौथ्याच्या आधाराला ठेवा. मनगट वाकवून बोटं ताणण्यापेक्षा हात अर्धा फ्रेट सरकवलेला बरा.

पुस्तकं चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात जास्त चूक सप्तकाची. मोकळ्या ईची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ, मोबाइलच्या स्पीकरमधून ती येतच नाही. ऐकू येतात ते तिच्या पटीतले वरचे स्वर. किक ड्रम सोबत असेल तर हेडफोनवरही फसगत होते. तपासायचं असेल तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, गाण्याचा तो तुकडा कापून बारा सेमीटोन वर चढवा. बेस गिटारच्या पट्टीत येतो आणि खालच्या सप्तकातली गुंतागुंत स्पष्ट ऐकू येते. वेग कमी करायचा तर ६०-७० टक्क्यांच्या खाली जाऊ नका, त्याखाली स्वराची सुरुवातच पुसट होते आणि लय कळत नाही.

टॅबमध्ये मोकळ्या ईच्याही खालचा स्वर दिसला तर आधी गाण्याच्या सुरुवातीची ट्यूनिंगची ओळ बघा. तिथे काही नसेल तर तो बहुधा बेसचा नाहीच. रशमध्ये गेडी ली आणि जेनेसिसमध्ये माइक रदरफर्ड पायाने वाजवायचे बेस पेडल वापरत. पुस्तकात तो स्वर कधीकधी बेसच्या ओळीतच घुसवलेला असतो. चार तारांवर तो वरच्या सप्तकात घ्या किंवा कीबोर्डवाल्याला द्या.

जुन्या रेकॉर्ड टेपच्या वेगामुळे थोड्या चढ्या किंवा उतरत्या असू शकतात. ट्यूनर बरोबर दाखवतोय आणि तरी रेकॉर्डबरोबर कानाला टोचतंय, असं झालं तर बेसच्या खुंट्या पिळत बसण्यापेक्षा ऑडॅसिटीत गाणंच तेवढे सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग) सरकवून घ्या.

---

चौथीतार

मंद्रसप्तक यांच्याशी बहुतांशी सहमत, एका बाबतीत नाही. सुरुवातीलाच टॅबवर शंका घेऊ नये. पुस्तकातली जागा गैरसोयीची वाटते तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा कारण पुढच्या दोन बारमध्ये असतं. लेखकाने हात दहाव्या फ्रेटवर नेलाय कारण पुढचा स्वर चौदाव्यावर आहे. एकच बार बघून जागा बदलली की दोन बारांनंतर उडी मारावी लागते. आधी अख्खा भाग छापल्याप्रमाणे सावकाश वाजवा, मग जागा बदला, आणि बदललेली जागा पेन्सिलीने लिहून ठेवा. उद्या वेगळ्या जागी आणि परवा तिसऱ्या जागी वाजवलंत तर हाताला काहीच लक्षात राहत नाही.

---

मंद्रसप्तक

मान्य. सप्तकाची शंका मात्र पहिल्याच दिवशी घ्यावी, ती चूक हातात बसली की काढायला फार वेळ लागतो.

---

पिकवाला

उजव्या हाताचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

'राउंडअबाउट'चा वेग मिनिटाला साधारण १३५ ठोक्यांच्या आसपास आहे आणि बेसमध्ये सिक्स्टीन्थ भरपूर आहेत. म्हणजे सेकंदाला नऊ स्वर. येसचा बेसवादक क्रिस स्क्वायर पिकने वाजवायचा, आणि तेही असं की पिकबरोबर अंगठ्याची कडही तारेला निसटती लागे. त्याच्या आवाजातली ती धार तिथून येते. 'मनी'तही पिकचाच आवाज आहे. 'वायवायझेड' बोटांचं, गेडी ली पिक वापरत नाही. तेव्हा तीन गाण्यांना एकच उजवा हात लावायचा हट्ट सोडा. 'राउंडअबाउट' बोटांनी वाजत नाही असं नाही, पण आवाज तो निघणार नाही आणि कष्ट दुप्पट होतील.

पिक घ्यायचं तर १ मिलिमीटर किंवा त्याहून जाड. पातळ पिक जाड तारेवर वाकतं, परत यायला उशीर लावतं आणि वेगात मागे पडतं. टोक तारेखाली दोन मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. खाली-वर, खाली-वर हा क्रम मोडायचा नाही. रेस्ट आली तरी हात हवेत तसाच हलत राहतो, तार फक्त चुकवतो. त-क-दि-मि मध्ये त आणि दि नेहमी खाली, क आणि मि नेहमी वर. चौथीतार यांनी सांगितलेल्या पेन्सिलीच्या खुणांखाली बाण काढून ठेवलेत तर दिशा आपोआप ठरते.

हात भरून येण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच. एक, ॲम्पचा आवाज कमी आणि हाताचा मार जास्त. ॲम्प वाढवा, मार निम्म्यावर आणा. जोरात छेडलेली जाड तार सुरुवातीला किंचित चढी वाजते आणि फ्रेटवर आपटते, तेव्हा आवाजाच्या दृष्टीनेही ते वाईटच. दोन, बेसच्या कडेवर कोपराजवळचा भाग दाबून धरलेला असतो आणि बोटांकडे जाणारे स्नायू तिथेच आवळले जातात. पट्टा दोन-तीन इंच वर घ्या आणि बसून वाजवताना जी उंची असते तीच उभं राहूनही ठेवा. थकवा आला तर थांबून हात सोडून द्या. दुखायला लागलं तर त्या दिवशी बेस ठेवून द्या, दुखण्यावरून वाजवत राहून वेग वाढत नाही.

वेग चढवायची पद्धत: ८० पासून सुरू. दोन बारांचा तुकडा सलग चार वेळा स्वच्छ गेला की ४ ने वाढवा. दोनदा अडखळलात तर ८ ने मागे. ११० च्या आसपास बहुतेकांचं अडतं, कारण तोवर चालणारी मोठी हालचाल तिथून पुढे चालत नाही. तिथे पद्धत बदला. १३० लावा, एकच बार वाजवा, पुढचा बार पूर्ण मोकळा सोडा, पुन्हा एक बार. लहान तुकडा पूर्ण वेगात आणि मध्ये विश्रांती, यातून हालचाल आपोआप आखूड होते. मग एकाचे दोन बार करा.

आवाजाचं थोडक्यात. स्क्वायरचा बेस रिकनबॅकर कंपनीचा. त्याने दोन पिकअपचे (तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकांचे) आवाज वेगवेगळ्या ॲम्पमध्ये नेले, एक खोल आणि एक धारदार. आपल्याकडे एकच ॲम्प असतो, तेव्हा ब्रिजकडचा पिकअप जास्त उघडा, ७०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झच्या पट्टीत थोडी वाढ द्या आणि मिश्रणाची सोय असलेला ओव्हरड्राइव्ह पेडल असेल तर विकृत आवाज पाव ते एकतृतीयांश, बाकी स्वच्छ. सगळाच विकृत केलात तर खालचा भाग गायब होतो. तारा राउंडवाउंड (वर गोल तारेचे वेढे असलेल्या, खरखरीत) आणि ताज्या हव्यात. सहा महिने घासलेल्या तारांवर हा आवाज कुठलाच पेडल आणून देत नाही. 'मनी'ला यातलं काही लागत नाही, साधा, मध्यम आणि किंचित बोथट आवाज पुरतो.

---

खर्ज_साधक

सगळ्यांचे मनापासून आभार. पेन्सिल घेऊन बसलो आणि कंसातले आकडे खरंच टायचे निघाले, ते मी दर वेळी पुन्हा छेडत होतो.

दोन उपप्रश्न. एक, साडेआठ मिनिटांचं गाणं पुरं करायला कुठल्या क्रमाने जावं? पहिल्या पानापासून गेलं की चौथ्या पानापर्यंत पहिलं विसरतं. दोन, याच पुस्तकांबरोबर टूल या बँडचं 'स्किझम' मिळालंय. वर 'ड्रॉप डी' लिहिलंय. खालची तार उतरवायची एवढं कळलं, पण टॅब वाचताना मेळ लागत नाही.

---

चौथीतार

क्रमाबद्दल. आधी बेस न घेता नकाशा करा. कोऱ्या कागदावर गाण्याचे भाग क, ख, ग असे लिहा, प्रत्येकापुढे बारांची संख्या आणि तो कितव्या मिनिटाला सुरू होतो ते. प्रोग रॉकची लांब गाणीही मोजक्याच मूळ ओळींवर उभी असतात, बाकीची त्यांची रूपं. 'राउंडअबाउट'मध्ये शांत सुरुवातीचा भाग मध्ये पुन्हा येतो. म्हणजे पानं जितकी दिसतात तितकं नवं काम नसतं.

मग सगळ्यात अवघड चार बार शोधा आणि रोजच्या सरावाची पहिली दहा मिनिटं त्यांनाच द्या, हात ताजा असताना. बाकीचं शेवटाकडून उलट बसवा: आधी शेवटचा भाग, मग त्याच्या आधीचा आणि तिथून शेवटपर्यंत. त्यामुळे वाजवताना तुम्ही दर वेळी अनोळखी जागेकडून ओळखीच्या जागेकडे जाता आणि चौथ्या पानावर दम संपत नाही. भागांच्या सांध्यांवर आधीचा एक बार आणि नंतरचा एक बार वेगळा घोका, बँडमध्ये तिथेच सगळे घसरतात.

पान उलटायची जागा लांब स्वरावर किंवा रेस्टवर येत नसेल तर पुढच्या पानाचे पहिले दोन बार हाताने लिहून या पानाच्या तळाशी चिकटवा.

---

ठेका

'स्किझम'च्या लयीबद्दल: मुख्य ओळ पाच आणि सात एट्थच्या बारांची जोडी आहे. एकूण बारा होतात म्हणून एकतालासारखं दोन-दोनच्या जोड्यांत मोजायचा मोह होतो. तसं केलंत की दुसऱ्या बारची सुरुवात जोडीच्या मधोमध येते आणि ओळ उलटी ऐकू यायला लागते. पाच स्वतंत्र, सात स्वतंत्र मोजा. पाच हे २+३ की ३+२ ते पुस्तकातले एट्थ कसे एकत्र बांधलेत त्यावरून दिसेल, त्या वरच्या आडव्या जाड रेघा त्यासाठीच छापतात.

---

मंद्रसप्तक

ड्रॉप डी म्हणजे खालून डी-ए-डी-जी. ई तार सैल करत मोकळ्या डीच्या एक सप्तक खाली आणा. तपासायला खालच्या तारेवर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (बोट न दाबता नुसतं टेकवून निघणारा स्वर) छेडा, तो मोकळ्या डीशी तंतोतंत जुळला पाहिजे. आधी थोडी जास्त उतरवा आणि मग चढवत स्वरावर या. नुसती उतरवून सोडली तर दोन मिनिटांत आणखी उतरते.

मेळ न लागण्याचं कारण हे की टॅब नव्या ट्यूनिंगचे फ्रेट दाखवतो. सगळ्यात जाड तारेवरचा प्रत्येक स्वर आता दोन फ्रेट वर गेलाय. जी पूर्वी ३ वर होता तो ५ वर, ए ५ वर होता तो ७ वर. वरच्या तीन तारांवर काहीच बदललेलं नाही. तुमचे हात जुन्या जागी जातात आणि डोळे नवे आकडे वाचतात, म्हणून गोंधळ. पहिले काही दिवस फक्त खालच्या तारेवर डी मायनर स्केल खाली-वर वाजवा: ०, २, ३, ५, ७, ८, १०, १२. पाचव्या स्वराची जागाही सोपी होते. खालच्या तारेवर ज्या फ्रेटवर मूळ स्वर, त्याच फ्रेटवर ए तारेवर त्याचा पाचवा, आणि डी तारेवर त्याचं वरचं सप्तक. एकच बोट आडवं टाकून तिन्ही मिळतात.

१०५ (इंचाचे हजारावे भाग) जाडीची तार डीपर्यंत बरी चालते, फक्त मार हलका ठेवा. १०० ची असेल तर फ्रेटवर आपटेल, तेव्हा पुढच्या संचात जाड तार घ्या. एकच तार उतरवल्याने नेकमध्ये सहसा काही करावं लागत नाही, पण पुन्हा ईला चढवल्यावर चारही तारा नव्याने जुळवून घ्या, बाकीच्या तीन किंचित हललेल्या असतात.